आजारी आणि जखमी शोभिवंत मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी मापं गोड्या पाण्याच्या टाकीसाठी आहेत. समुद्री माशांचे आजार आणि औषधांचे डोस वेगळे असतात. त्यांच्यासाठी हे आकडे वापरू नयेत.

मासा आजारी पडतोय हे आधी कशावरून कळतं?

अंगावर डाग किंवा जखम दिसण्याच्या बऱ्याच आधी माशाचं वागणं बदलतं. पर अंगाशी मिटून घेणं, कळपातला मासा एकटा कोपऱ्यात थांबणं, खाणं तोंडात घेऊन थुंकणं, दगडावर किंवा वाळूवर अंग घासणं, कल्ले नेहमीपेक्षा जोरात हलणं, पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून राहणं, रंग फिका किंवा काळपट पडणं ही मुख्य लक्षणं. रोज खाणं टाकताना दोन मिनिटं नुसतं बघत राहिलात तर यातलं बहुतेक पहिल्याच दिवशी दिसतं. खायला कोण आलं नाही, हे बघणं कोण आलं यापेक्षा महत्त्वाचं.

एक खूण मात्र नीट समजून घ्या. टाकीतले सगळे मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले तर कारण जवळजवळ नेहमी पाण्यात असतं. एकच मासा बिघडला आणि बाकीचे ठणठणीत असतील तर आजार, इजा किंवा टाकीतली दादागिरी यांचा विचार करायचा.

काहीतरी बिघडलंय असं वाटल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची?

औषधाची बाटली उघडायची नाही. आधी पाणी तपासायचं, मग ३० ते ५० टक्के पाणी बदलायचं (महिनोन्‌महिने पाणी न बदललेली टाकी याला अपवाद, ती पुढच्या प्रश्नात), हवा वाढवायची आणि तापमान बघायचं. नवीन पाणी टाकीतल्या पाण्याच्या तापमानाशी जुळणारं, फार तर एखाद्या अंशाचा फरक असलेलं असावं आणि त्यातलं क्लोरीन काढलेलं असावं. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन उडत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असेल तर डीक्लोरिनेटर, म्हणजे ते निष्प्रभ करणारं द्रावण, लागतोच.

बहुतेक जिवाणू आणि बुरशी टाकीत कायमच असतात. पाणी खराब झालं, मासा दमला, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पातळ झाला की त्यांना वाट मिळते. म्हणून पाणी न सुधारता दिलेलं औषध दोन दिवस बरं वाटायला लावतं आणि आजार परत येतो.

टेस्ट किटवर कोणते आकडे चालतात?

अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून सुटणारं विष) ०. नायट्राइट (जिवाणूंनी अमोनियाचं केलेलं रूप, तेही विषारी) ०. नायट्रेट (त्यापुढचं, कमी घातक रूप) २० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅमच्या, आसपास उत्तम, ४० च्या वर जाऊ देऊ नये. पीएच ठरावीक आकड्यावर आणण्याच्या मागे लागू नका, तो स्थिर असणं जास्त महत्त्वाचं.

अमोनियाचा आकडा पीएचसोबत वाचावा लागतो. किट एकूण अमोनिया दाखवतं, पण विषारी असतो तो त्यातला मुक्त अमोनिया. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला एक टक्क्यापेक्षाही कमी भाग मुक्त असतो, पीएच ८ ला तोच ५ टक्क्यांच्या वर जातो. यामुळेच एक फसवा अपघात होतो. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचा पीएच घसरलेला असतो, अमोनिया साठलेला असूनही मासे तग धरून असतात. मग कुणीतरी एकदम ८० टक्के पाणी बदलतं, पीएच झटक्यात वर जातो, उरलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि मासे तासाभरात तडफडू लागतात. अशा टाकीत रोज १० ते १५ टक्केच पाणी बदलत आठवड्याभरात सुधारणा करावी.

नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो. कल्ले तपकिरी दिसतात, पाण्यात हवा भरपूर असूनही मासा धापा टाकतो. इथे पाणी बदलण्यासोबत दर १० लिटरला ५ ग्रॅम मीठ विरघळवून घातलं तर मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून अडवतं. बाकी कुठल्याही औषधापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो.

हॉस्पिटल टँकमध्ये काय काय असावं?

हॉस्पिटल टँक म्हणजे आजारी माशाला वेगळं ठेवून उपचार करण्याची छोटी टाकी. तिच्यात फारसं काही नाही, आणि तेच तिचं बलस्थान आहे. छोट्या माशांना २० लिटर, मोठ्यांना ४० किंवा जास्त. तळ मोकळा, वाळू-खडे नकोत, म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसतं आणि काढता येतं. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, हीटर, थर्मामीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, वर झाकण. दिवा लावण्याची गरज नाही. तीन बाजूंना कागद लावला तर मासा लवकर शांत होतो.

स्पंज नवा असेल तर त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. म्हणून एक जादा स्पंज मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये कायम ठेवून द्यावा आणि वेळ आली की तोच उचलून इथे लावावा. तो नसेल तर रोज २५ ते ५० टक्के पाणी बदलावं लागेल आणि रोज अमोनिया तपासावा लागेल. हॉस्पिटल टँकमध्ये मासे मरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आजार नसून साठलेला अमोनिया असतो.

फायटर मासा हवेतून श्वास घेतो. तो अशक्त असेल तर पाण्याची पातळी १० ते १२ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे वर यायला त्याला धडपडावं लागत नाही. झाकण ठेवल्याने वरची हवा उबदार राहते, तेही त्याला हवं असतं.

प्रत्येक आजारी मासा बाहेर काढायचा का?

नाही. जखम, परांची सड, जलोदर, मार खाल्लेला मासा यांना वेगळं ठेवावं. पांढरे ठिपके, सोनेरी धूळ किंवा आतड्यातले किडे असतील तर परजीवीच्या अवस्था संपूर्ण टाकीत पसरलेल्या असतात. एकाच माशाला बाहेर काढून काही साधत नाही, उपचार सगळ्या टाकीला करावा लागतो. टाकीत झिंगे आणि गोगलगायी असतील तर उलट करावं: सगळे मासे हॉस्पिटल टँकमध्ये हलवावेत आणि मुख्य टाकी माशांविना ठेवावी.

मीठ कोणतं आणि किती?

शुद्ध सोडियम क्लोराइड, ज्यात मोकळं राहण्यासाठी काही मिसळलेलं नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते पूर्ण वेगळं आहे आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

चमच्याने मोजू नका. जाड आणि बारीक मिठाच्या एका चमच्यात मोठा फरक पडतो, म्हणून वजनकाटा वापरा. साधारण आधारासाठी लिटरला १ ग्रॅम. परजीवी किंवा बुरशीसाठी लिटरला २ ते ३ ग्रॅम. पण एकदम नाही: तीन भाग करून बारा-बारा तासांनी, वेगळ्या भांड्यात विरघळवून. खडे थेट टाकले तर ते माशाच्या अंगावर पडून भाजल्यासारखी जखम होते. कोरिडोरास, लोच आणि बऱ्याच टेट्रांना लिटरला १ ग्रॅमच्या वर नेऊ नका. बहुतेक वनस्पतींनाही जास्त मीठ सोसत नाही.

थोड्या वेळाची मीठ-आंघोळ म्हणजे लिटरला १० ग्रॅम, एअरस्टोन चालू ठेवून, १० मिनिटांपासून जास्तीत जास्त ३० मिनिटांपर्यंत. या काळात समोरून हलायचं नाही. मासा आडवा पडू लागला की तत्क्षणी साध्या पाण्यात परत.

मीठ बाष्पीभवनाने जात नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला, मिठाचं नको. ते कमी होतं फक्त पाणी बदलल्यावर. आणि निरोगी टाकीत 'असू दे थोडं' म्हणून कायम मीठ ठेवण्याची सवय चांगली नाही, त्याला वैद्यकीय कारण नाही.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत. किती दिवस औषध द्यायचं?

ठिपके दिसेनासे झाले म्हणून थांबू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं.

हा 'इच', म्हणजे इक्थिऑप्थिरिअस नावाचा एकपेशीय परजीवी. माशाच्या त्वचेखाली तो खातो आणि वाढतो, तोच आपल्याला दिसणारा ठिपका. पूर्ण वाढला की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागून शेकडो पिल्लं तयार करतो. ही पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात आणि दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. त्वचेखालचा ठिपका आणि तळाचं कवच, दोन्ही औषधापासून सुरक्षित असतात. म्हणून औषध सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तरी औषध बदलू नका. ते आधीच आत शिरलेले आहेत.

२५ अंशांच्या आसपास हे चक्र चार-सहा दिवसांत पूर्ण होतं, थंड पाण्यात आठवडे लागतात. तापमान वाढवण्याचा हेतू चक्र वेगात फिरवणं हा आहे, म्हणजे परजीवी लवकर औषधाच्या तावडीत येतो. उष्ण पाण्यातल्या माशांसाठी दिवसाला दोन-तीन अंशांप्रमाणे ३० अंशांपर्यंत न्या. २५ अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रति लिटर मावतो, ३० अंशांना ७.५, म्हणून एअरस्टोन वाढवणं ऐच्छिक नाही. गोल्डफिशला ३० अंश देऊ नका. त्यांच्यासाठी लिटरला ३ ग्रॅम मीठ आणि धीर.

मीठ सोसत नसेल तर फॉर्मेलिन आणि मॅलॅकाइट ग्रीन असलेलं औषध, बाटलीवरच्या डोसाने. लोच आणि मांजरमाशांसारख्या बिनखवल्यांच्या माशांना अर्ध्या डोसाने सुरुवात. रोज तळ सायफनने साफ करा, तिथली कवचं तेवढीच कमी होतात. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान तीन दिवस, एकूण १० ते १४ दिवस उपचार चालू ठेवा.

प्रजननाच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काठावर ओळीने पांढरे दाणे येतात. ते इच नव्हे, उपचार नको. उलटं, कधी इच फक्त कल्ल्यांत असतो, अंगावर एकही ठिपका नसतो, मासा अंग घासतो आणि धापा टाकतो.

ठिपके फार बारीक आहेत, सोनेरी पूड लावल्यासारखे. हेही इचच का?

नाही, हा व्हेल्व्हेट. अंधारात बाजूने टॉर्च मारली की मखमलीसारखी सोनेरी-तपकिरी झाक दिसते. हा इचपेक्षा वेगाने मारतो, कारण कल्ल्यांवर आधी हल्ला करतो. या परजीवीत हरितद्रव्य असतं, म्हणून उपचाराच्या काळात टाकी पूर्ण झाकून अंधारी ठेवा. औषध तांब्याचं. तांब्याचं टेस्ट किट नसेल तर ते वापरू नका, कारण उपयोगी आणि मारक मात्रेतलं अंतर कमी आहे, आणि मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यात ते आणखी कमी होतं. झिंगे आणि गोगलगायी तांब्याने मरतात.

तोंडावर कापसासारखं काही दिसतंय. बुरशी आहे का?

असेलच असं नाही, आणि फरक ओळखणं फार गरजेचं आहे. खरी बुरशी जखमेवर किंवा मेलेल्या कातडीवर उगवते, तिचे तंतू पाण्यात मोकळे तरंगताना दिसतात आणि ती सावकाश पसरते. कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा आजार आहे: चपटा, करडा-पांढरा थर, कडा कधी पिवळसर, बहुतेकदा ओठांवर किंवा पाठीवर खोगिरासारखा. तो ४८ तासांत मासा नेऊ शकतो.

उपचार उलट दिशेचे आहेत. कॉलम्नॅरिस उष्ण पाण्यात भडकतो, म्हणून तापमान वाढवायचं नाही, माशाला सोसेल तेवढं, २३-२४ अंशांपर्यंत हळूहळू खाली आणायचं, मीठ आणि लगेच जिवाणूंवरचं औषध. बुरशीला मीठ किंवा मिथिलीन ब्लू पुरतं. मिथिलीन ब्लू फक्त हॉस्पिटल टँकमध्ये. मुख्य टाकीत घातलं तर फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात.

पर फाटलेत. सड आहे की दुसऱ्या माशाने चावलंय?

चावलेला पर साफ कापल्यासारखा, त्रिकोणी तुकडा गेल्यासारखा दिसतो. सडलेल्या पराची कड दातेरी, पांढरी किंवा लालसर असते आणि रोज मागे सरकते. काठाला नवा पारदर्शक पडदा दिसू लागला तर आनंदाची गोष्ट, पर परत वाढतोय. ती सड समजून औषध वाढवू नका.

चावणारा कोण आहे ते शोधा. दिवे मालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी हळूच बघितलं तर बहुतेकदा सापडतो. साध्या सडीला रोज २५ टक्के पाणी बदल आणि लिटरला १ ग्रॅम मीठ एवढं आठवडाभर करून बघा. सड परांच्या मुळापर्यंत पोचली किंवा अंगावर लाल पट्टे आले तरच अँटिबायोटिकचा विचार.

मासा जखमी झालाय. जखमेला काय लावायचं?

छोट्या जखमेला काहीच नाही. स्वच्छ पाणी, शांतता आणि त्रास देणाऱ्यापासून सुटका एवढ्यावर ती भरते. प्रत्येक वेळी पकडणं हीच नवी इजा असते.

खोल किंवा उघडं मांस दिसणाऱ्या जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावता येतं. हात आणि कापड आधी टाकीच्याच पाण्यात ओले करा. ओल्या कापडात मासा धरा, डोळे झाका, कापसाच्या बोळ्याने फक्त जखमेवर टिपा, कल्ल्यांकडे थेंबही जाऊ देऊ नका, आणि एक मिनिटाच्या आत पाण्यात सोडा. काटे असलेल्या मांजरमाशांना जाळीने पकडू नका, काटे अडकून तुटतात. त्यांना भांड्यात हाकलून पाण्यासकट उचला.

जखम कशाने झाली ते शोधल्याशिवाय मासा परत सोडू नका. हीटरला चिकटून भाजणं (हीटरला जाळी लावा), फिल्टरच्या तोंडात ओढलं जाणं (स्पंज चढवा), धारदार दगड, प्लॅस्टिकच्या टोकदार वनस्पती ही नेहमीची कारणं. धडधाकट मासा फिल्टरला ओढला जात नाही, त्यामुळे तिथे अडकलेला मासा आधीच अशक्त होता असं समजून इतर लक्षणंही तपासा.

मासा उडी मारून बाहेर पडला होता, अजून जिवंत आहे.

ओल्या हाताने उचलून लगेच पाण्यात. चिकटलेली धूळ घासून काढू नका, ती पाण्यातच सुटते. मासा निपचित असेल तर एअरस्टोनजवळ सरळ धरून ठेवा. पुढे-मागे ढकलू नका, कारण मागे जाताना पाणी कल्ल्यांतून उलटं वाहतं. दिवे बंद, खाणं एक दिवस बंद. त्यानंतर सात-दहा दिवस सुकलेल्या जागेवर बुरशी येते का ते बघत राहा.

खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिलेत आणि पोट फुगलंय. वाचेल का?

बऱ्याचदा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जलोदर हा स्वतः आजार नसून मूत्रपिंड बंद पडल्याचं लक्षण आहे. गोड्या पाण्यात माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत असतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, ते थांबलं की शरीर फुगतं. खवले सगळीकडून उभे राहिल्यावर सापडलेले मासे क्वचित वाचतात. नुसतं पोट फुगलेलं असताना सापडला तर शक्यता बरी असते.

वेगळ्या टाकीत २० लिटरला ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट घाला. त्याने आत साठलेलं पाणी थोडं ओढलं जातं. साधं मीठ इथे घालू नका. मासा खात असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने अँटिबायोटिक खाण्यातून द्यावं. खात नसेल तर पाण्यातलं औषध आतपर्यंत फार कमी पोचतं. मादी अंड्यांनी फुगलेली असते तेव्हा खवले सपाटच राहतात. वरून बघितलं की फरक लगेच कळतो.

मासा उलटा किंवा तिरका तरंगतोय.

गोल्डफिशसारख्या गोल अंगाच्या माशांत हे खूप दिसतं. आधी अमोनिया-नायट्राइट तपासा. मग दोन-तीन दिवस उपास, त्यानंतर साल काढलेला, उकडून मऊ केलेला मटार, एका माशाला एखादा दाणा. तरंगणाऱ्या खाण्यासोबत हवा गिळली जाते, म्हणून पुढे बुडणारं किंवा भिजवलेलं खाणं द्या. बद्धकोष्ठ असेल तर वरच्याच मापाने एप्सम सॉल्ट उपयोगी. मटार हा सगळ्यावरचा इलाज मात्र नव्हे: जिवाणूंमुळे किंवा जन्मजात दोषामुळे पोहण्याची पिशवी बिघडली असेल तर त्याने काही होत नाही. तळाशी पडून राहणाऱ्या माशाखाली वाळू नसावी, पोटावर घासून जखमा होतात. पाठ पाण्याबाहेर राहत असेल तर तेवढी कातडी सुकते. पाण्याचा प्रवाह कमी करा.

एक डोळा बाहेर आलाय.

एकच डोळा असेल तर बहुधा मार लागलाय: वेगळं ठेवा, पाणी स्वच्छ ठेवा, एप्सम सॉल्ट द्या, उतरायला आठवडे लागू शकतात. दोन्ही डोळे आले तर पाणी किंवा शरीरभर पसरलेला संसर्ग. डोळा गेला तरी बरेच मासे पुढे नीट जगतात आणि खातात.

विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब आहे.

एखाद्या दिवशी दिसली तर मासा उपाशी आहे एवढंच. सलग अनेक दिवस, सोबत पोट खपाटीला जाणं आणि खाणं थुंकणं असेल तर आतड्यातले परजीवी. डिस्कस आणि ऑस्कर यांच्या डोक्यावर खड्डे पडत असतील तर तेच कारण अनेकदा सापडतं, जोडीला जुनं पाणी आणि एकसुरी खाणंही. यावर मेट्रोनिडाझोल हे औषध, ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, दिवसाआड तीन वेळा, प्रत्येक डोसाआधी २५ टक्के पाणी बदल. मासा खात असेल तर हेच खाण्यातून जास्त चांगलं लागू पडतं.

गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखे किडे डोकावत असतील तर तो कॅमॅलॅनस. त्याला मेट्रोनिडाझोल आणि प्राझिक्वांटेल (चपट्या किड्यांवरचं औषध) दोन्ही चालत नाहीत. लेव्हामिझोल लिटरला २ मिलिग्रॅम, टाकी अंधारी ठेवून २४ तास, मग तळ सायफनने स्वच्छ आणि अर्ध्याहून अधिक पाणी बदल. लुळे पडलेले किडे तळातून काढले नाहीत तर मासे तेच खातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. टाकीतल्या सगळ्या माशांना द्यावं लागतं.

अंगाला चिकटलेला दोरा किंवा चपटा किडा दिसतोय. ओढून काढू का?

दोऱ्यासारखा, टोकाला दोन शेपट्या असलेला किडा म्हणजे अँकर वर्म. त्याचं डोकं मांसात रुतलेलं असतं. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून, डोक्याकडून शेपटीकडे सरळ ओढा, मध्ये तुटू देऊ नका. जागेवर पोव्हिडोन आयोडीन. चपटी, पारदर्शक, सरकणारी मासळी-ऊ (फिश लाउस) चिमट्याने सहज निघते. पिल्लं पाण्यात असतातच, म्हणून टाकीला डायफ्लुबेन्झुरॉनसारखं औषध लागतं. ते कवच तयार होऊ देत नाही, साहजिकच झिंगेही मरतात.

दिसत काही नाही पण मासे सतत अंग घासतात, एका बाजूचा कल्ला मिटून ठेवतात, तर फ्लूक, म्हणजे त्वचेवर किंवा कल्ल्यांवर चिकटणारे सूक्ष्म चपटे किडे, असू शकतात. प्राझिक्वांटेल लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम. कल्ल्यावरचे फ्लूक अंडी घालतात आणि अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून आठवड्याने दुसरा डोस.

डोस नेमका कसा मोजायचा?

लांबी × रुंदी × पाण्याची खरी उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००, म्हणजे लिटर. ६० × ३० च्या टाकीत ३३ सेंटिमीटर पाणी असेल तर ५९.४ लिटर. त्यातून वाळू-दगडांचे १० ते १५ टक्के वजा करा, राहिले साधारण ५२. टाकीवर छापलेला आकडा धरू नका.

फिल्टरमधला कार्बन काढा, तो औषध शोषून घेतो. यूव्ही दिवा बंद ठेवा. स्पंज आणि रिंग्ज (ज्यांवर उपयुक्त जिवाणू वाढतात) तिथेच राहू द्या. औषध वेगळ्या भांड्यात विरघळवून प्रवाहात ओता. मध्ये पाणी बदललं तर बदललेल्या पाण्यापुरतंच औषध घाला: ४० लिटरमधून १० काढले तर डोस १० लिटरचा. जुन्या फॉर्मेलिनच्या बाटलीत तळाला पांढरा साका दिसला तर ती वापरू नका, तो साका माशांना अतिशय विषारी असतो. मॅलॅकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन हाताळताना हातमोजे घाला. उपचार संपल्यावर ५० टक्के पाणी बदलून ताजा कार्बन दोन-तीन दिवस लावा.

खात्री नाही, म्हणून दोन-तीन औषधं एकत्र दिली तर?

देऊ नका. काही औषधं एकमेकांना निष्क्रिय करतात, काही पाण्यातला ऑक्सिजन खातात, आणि मासा सुधारला किंवा मेला तर कशाने ते कळत नाही. पाण्यातली सुधारणा आणि एक औषध, पूर्ण मुदत, मग विचार.

अँटिबायोटिकबाबत अधिक कडक राहा. रंगचाचणीवरून जिवाणूंचे ग्रॅम-निगेटिव्ह आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह असे दोन गट पडतात. माशांचे बहुतेक रोगजिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह असतात, एरिथ्रोमायसिन प्रामुख्याने ग्रॅम-पॉझिटिव्हवर चालतं, म्हणजे सरसकट दिल्याने उपयोग कमी आणि फिल्टर बिघडण्याचा धोका. टेट्रासायक्लिन कठीण पाण्यातल्या कॅल्शियमला बांधलं जातं आणि वाया जातं. अर्धवट सोडलेला कोर्स चिवट जिवाणू मागे ठेवतो. माशांचं बघणारे पशुवैद्य मिळत असतील तर इथे त्यांचाच सल्ला घ्या.

आजारी माशाला खायला काय आणि किती?

नेहमीच्या अर्ध्याहून कमी. मोठा मासा आठवडाभर न खाता सहज राहतो, पण न खाल्लेलं अन्न एका रात्रीत हॉस्पिटल टँकचं पाणी बिघडवतं. दहा मिनिटांत जे संपलं नाही ते काढा. भूक चाळवायला गोठवलेले ब्राइन श्रिम्प किंवा डॅफ्निया उत्तम.

मुख्य टाकीत परत कधी सोडायचा?

लक्षणं पूर्ण गेल्यानंतर आणि औषध थांबवल्यानंतर सात दिवस साध्या पाण्यात नीट खाऊन-पोहून दाखवल्यावर. मीठ असलेल्या पाण्यातून साध्या पाण्यात आणताना दोन-तीन दिवसांत पाणी बदलत मीठ उतरवा. सोडताना टाकीतली सजावट थोडी हलवून ठेवा, म्हणजे जुन्या माशांनी वाटून घेतलेल्या जागा मोडतात आणि परत आलेल्यावर हल्ला होत नाही. याच हॉस्पिटल टँकमध्ये प्रत्येक नवीन मासा चार आठवडे वेगळा ठेवलात तर वरचे निम्मे प्रश्न तुमच्या टाकीत येणारच नाहीत.

माशाचा आजार माणसाला होतो का?

बहुतेक होत नाहीत. अपवाद मायकोबॅक्टेरियम मरिनम: हातावरच्या चिरेतून शिरतो आणि आठवड्यांनी न भरणारी गाठ किंवा फोड उठतो. माशात तो झिजत जाणं, पाठीला बाक, न भरणाऱ्या जखमा अशा रूपात दिसतो. हाताला जखम असेल तर लांब हातमोजे घाला, सायफन तोंडाने ओढू नका, आणि अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरी फिशटँक आहे हे आवर्जून सांगा. नाहीतर निदान लांबतं.

मासा वाचणार नाही हे नक्की झालंय. वेदना कमी कशा करायच्या?

लवंगेच्या तेलाने. टाकीचंच एक-दोन लिटर पाणी भांड्यात घेऊन मासा त्यात ठेवा. छोट्या बाटलीत कोमट पाण्यात तेल जोरात हलवून दुधासारखं करा, नाहीतर ते वर तरंगतं. आधी लिटरला दोन-तीन थेंबांइतकं हळूहळू मिसळा, मासा काही मिनिटांत झोपतो. तो आडवा पडून शेपटीला हलकं धरल्यावरही हालचाल करेनासा झाला की एकूण लिटरला १० ते १२ थेंब होतील इतकं वाढवा. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतर किमान ३० मिनिटं तसंच ठेवा, कारण लवकर काढलेला मासा शुद्धीवर येऊ शकतो. जिवंत मासा शौचालयात सोडणं, फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा गरम पाण्यात टाकणं यात त्याला खूप यातना होतात. मेलेला मासा नदी-तळ्यात टाकू नका.

नंतर टाकी आणि जाळ्यांचं काय?

इच किंवा व्हेल्व्हेट असेल तर त्यांना मासाच लागतो. माशांविना २८ अंशांना ठेवलेल्या टाकीत दोन आठवड्यांत इच संपतो. जाळी आणि सायफन प्रत्येक टाकीसाठी वेगळे ठेवा. ते एका भाग ब्लीचला वीस भाग पाणी या द्रावणात १५ मिनिटं भिजवून, धुऊन, डीक्लोरिनेटरच्या पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवा. मायकोबॅक्टेरियमचा संशय असेल तर ब्लीच पुरेसं नाही: साधनं ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळवा आणि स्पंजसारखी सच्छिद्र वस्तू टाकून द्या.